उ उगवत्या सूर्याचा

मराठी मुलाला 'उ' पहिल्यांदा भेटतो तो उखळात. घरातलं उखळ गेलं, मिक्सर आला, तो बिघडून दुसरा मिक्सर आला, पण अंकलिपीतला 'उ' अजून उखळातच बसून आहे. हा 'उ' पुन्हा गाठ घेतो तो भेंड्यांत. वऱ्हाडाची बस घाट चढत असते, अर्धं वऱ्हाड लिंबू हुंगत असतं, उरलेलं अर्धं गात असतं, आणि अशा ऐन वेळी मुलीकडची एखादी काकू गालातल्या गालात हसत मुलाकडच्यांवर 'उ' सोडते. मुलाकडच्यांची वाचाच बसते. एरवी आंघोळीच्या पहिल्या तांब्यापासून गुणगुणणाऱ्या माणसांना 'उ'चं एक गाणं आठवेल तर शपथ.

पण भेंड्यांइतकी समता मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. तिथे गाण्याची जात, वय, राग, ताल, पाप, पुण्य काही विचारत नाहीत. फक्त पहिलं अक्षर विचारतात. 'म' आला की तुकारामांचा अभंग आणि हेलनच्या नाचाचं गाणं मांडीला मांडी लावून बसतात, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. गाणी अशी अक्षराच्या दोऱ्यात ओवली की मोठे गमतीदार शेजार तयार होतात. कधी कधी ते नुसते गमतीदार राहत नाहीत. याचा सगळ्यात मोठा दाखला मला सापडला तो जपानी 'उ'मध्ये. आज त्या 'उ'चीच बखर सांगायची आहे.

माझी एक भाची पुण्यात जपानी शिकते. (पुण्यात जपानी शिकणारं माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. जिन्यातून हाक मारली तरी पुरतं.) तिनं मला एकदा सांगितलं, "मामा, तिकडे गाणं मुखड्यावरून नाही शोधत. गाण्याला वेगळं नाव असतं. त्या नावाच्या पहिल्या अक्षरावर सगळं."

आता हे आपल्याला जरा जड जातं. आपल्याकडे गाण्याचा मुखडा तेच गाण्याचं नाव. म्हणजे बाळाचं बारसं न करता ते पहिल्यांदा जसं रडलं त्याच आवाजाने त्याला जन्मभर हाक मारण्यातला प्रकार. जपानी माणूस गाण्याचं रीतसर बारसं करतो आणि त्या नावाने यादी लावतो. या याद्यांना खरा भाव आला तो कराओकेमुळे. कोबे शहरातल्या दारूच्या गुत्त्यांत गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारे इनोउए दाइसुके नावाचे एक वादक होते. एका बड्या गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं आणि यांना साथीला जायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी नुसत्या साथीची टेप करून दिली. त्यातून १९७१ साली पैसे टाकून चालणारं यंत्र आलं. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' म्हणजे ऑर्केस्ट्रा. रिकामा ऑर्केस्ट्रा! गायक आपला आपण भरायचा. इनोउएंनी त्याचं पेटंट घेतलं नाही. जगभरच्या बेसुरांनी अब्जावधी कमावून दिले असते ते सोडून दिले. पुढे २००४ मध्ये त्यांना विनोदी नोबेल, म्हणजे 'इग नोबेल', मिळालं. तेही शांततेचं! लोकांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखवून दिल्याबद्दल. समितीत निदान एक जण तरी सोसायटीच्या गणेशोत्सवात शेजाऱ्याचं गाणं ऐकून आलेला असणार.

तर या कराओकेच्या खोलीत पुढे वर्षानुवर्षं टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाडजूड पुस्तक असायचं. आता त्याच्या जागी पाटीसारखा पडदा आला आहे. पण गाण्यांची यादी तीच, आणि तिचा क्रम असा : अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व.

ओळखीचं वाटतंय ना? वाटायलाच हवं. माल आपलाच आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्र शिकण्यासाठी सिद्धम् लिपी जपानात नेली, आणि त्या अभ्यासातून तिथल्या पंडितांनी आपली अक्षरं आपल्या वर्णमालेच्या चालीवर बसवली. 'क'च्या मागे 'च'च्या जागी 'स' बसलाय आणि 'प'च्या जागी 'ह', कारण त्या अक्षरांचे जुने उच्चार वेगळे होते. बाकी रांग तीच. म्हणजे टोकियोतला कारकून दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन रात्री गाणं शोधतो, तेव्हा त्याचं बोट पाणिनीच्या अंगणातून फिरत असतं. बिचाऱ्याला पत्ता नसतो.

या क्रमाला तिथे जम बसवायला मात्र वेळ लागला. त्याआधी शतकानुशतकं 'इरोहा' क्रम चाले. ती एक जुनी कविता आहे, जग क्षणभंगुर असल्याची. तिच्यात तेव्हाची ४७ अक्षरं प्रत्येकी एकदाच येतात. म्हणजे मुलांनी मुळाक्षरं घोकायची आणि घोकता घोकता संसार मिथ्या आहे हेही पाठ करायचं. यात 'उ'चा नंबर चोविसावा. पुढे ओत्सुकी फुमिहिको यांनी 'गेन्काइ' हा मोठा कोश १८८९ ते १८९१ या काळात काढला आणि त्यात शब्द 'अ, इ, उ' क्रमाने लावले. तेव्हा फुकुझावा युकिचींसारख्या सुधारकानेही नाक मुरडलं, असं सांगतात. त्यांची शंका अशी की तमासगीरांच्या थिएटरात जोडे ठेवायच्या खुंट्यांवर 'इरोहा' असतं, तिथे हे नवं खूळ कसं चालणार? सुधारणा कुठवर, तर जोड्यांपर्यंत! पण शेवटी आपलाच क्रम टिकला, आणि 'उ' चोविसाव्या नंबरावरून तिसऱ्यावर आला. एवढी बढती सरकारी नोकरीत पुतण्यालाही मिळत नाही.

आता उघडू या 'उ'चं पान. आधी वशिल्याने शिरू पाहणारे बाजूला काढू. 'फुरुसातो', म्हणजे 'आपलं गाव', हे १९१४ सालचं शाळेतलं गाणं जपानात आबालवृद्धांना पाठ आहे. ते सुरू होतं 'उसागि'ने, म्हणजे सशाने. त्या डोंगरावर लहानपणी सशाच्या मागे धावलो होतो, अशी ती आठवण. पण 'मागे धावलो' या अर्थाचं जुनं क्रियापद 'चविष्ट' या शब्दासारखंच ऐकू येतं. त्यामुळे गावाच्या आठवणीने कवीचे डोळे भरून आलेले असताना पहिलीतल्या पोरांच्या पिढ्यान् पिढ्या समजत आल्या की गावाकडचा ससा चवीला फर्मास होता. गाणं गोड आहे, पण नाव 'फु'चं. बाद. दुसरं, 'पिंक लेडी' या दोघी गायिकांचं १९७७ च्या डिसेंबरात आलेलं 'यूएफओ'. आकाशातून आलेल्या पाहुण्याच्या प्रेमाचं. पुढल्या वर्षी त्याला रेकॉर्ड कंपन्यांच्या जगातलं मोठं पारितोषिक मिळालं. रोमन लिपीत लिहिलं तर पहिलं अक्षर 'उ'चं, पण जपानी लोक त्याचा उच्चार करतात 'यूफो'. म्हणजे 'यु'च्या पानावर. तेही बाद. नियम म्हणजे नियम.

खरे 'उ'वाले आधी पोरांतच भेटतात. 'उसागि तो कामे', म्हणजे ससा आणि कासव, १९०१ सालचं. गोष्ट आपलीच, इसापाची. मजा म्हणजे कासवाला हाक मारायला जो शब्द वापरलाय, तोच आता जपानी माणूस टेलिफोन उचलल्यावर वापरतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, ससा कासवाला ट्रंक कॉल करतोय. मग 'उरेशीई हिनामात्सुरि', म्हणजे 'आनंदाचा बाहुल्यांचा सण', १९३६ सालचं. तीन मार्चला मुलींसाठी घरात पायऱ्यापायऱ्यांवर राजा-राणीच्या बाहुल्या मांडतात, साधारण आपल्या गौरीच्या आराशीसारख्या, तेव्हा हे म्हणतात. नावात आनंद आहे. चाल ऐकाल तर सासरी निघालेल्या मुलीची. गीतकार सातो हाचिरो यांची थोरली बहीण लग्न ठरल्यावर क्षयाने गेली. तिचीच सावली त्या गाण्यात पडली आहे, असं मानतात. शिवाय बाहुल्यांच्या नावांत त्यांनी घोळ घातला तो वेगळाच, आणि तो त्यांना जन्मभर खुपत राहिला. पण लोकांना एकदा गाणं आवडलं की कवीच्या दुरुस्तीला कोण विचारतो!

इथवर पान हसतखेळत वाचता येतं. पुढच्या नावापाशी जरा बस्तान नीट करून बसावं लागतं. ते नाव आहे 'उमि युकाबा'. 'उमि' म्हणजे समुद्र. 'समुद्रावर गेलो तर' असा नावाचा अर्थ.

त्याची सुरुवात होते थेट ७४९ साली. नारा शहरात तोदाइजी देवळात बुद्धाची प्रचंड मूर्ती घडत होती आणि तिला मुलामा द्यायला सोनं पुरेना. एवढ्यात उत्तरेच्या मुत्सु प्रांतात सोनं सापडल्याची वार्ता आली. सम्राट शोमूंना कोण आनंद झाला! त्यांनी फर्मान काढलं आणि त्यात जुन्या इमानी घराण्यांची नावं घेतली. त्यात ओतोमो हे लढवय्यांचं घराणं आलं, आणि त्या घराण्याची शपथही आली : समुद्रावर असो की डोंगरात, मरू ते धन्याच्या पायाशी मरू. या घराण्यातला याकामोचि तेव्हा राजधानीपासून लांब, एत्चू प्रांताचा सुभेदार होता. आडगावी बदली झालेल्या मामलेदाराला मंत्रालयाच्या परिपत्रकात स्वतःच्या आजोबांचं नाव दिसावं, तसं त्याचं झालं. तो कवी होता. त्याने तिथल्या तिथे एक लांबलचक आभाराची कविता रचली आणि तिच्यात ती शपथ गुंफली. साडेचार हजारांवर कविता असलेल्या 'मान्योशू' या संग्रहात ती आहे. सोनं लागलं, मूर्ती झाली, आणि ७५२ साली त्या बुद्धाचे नेत्र उघडायचा विधी झाला. तो कोणी केला? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. कुठून कुठे गेला होता बिचारा, तेही कॉक्स अँड किंग्जच्या मदतीशिवाय.

याकामोचिचं पुढे काय झालं? ७८५ साली तो वारला. पंचवीसएक दिवसांनी राजधानीत एका बड्या अधिकाऱ्याचा खून झाला आणि कटात मेलेल्या याकामोचिचंही नाव गोवलं गेलं. दफन अडवलं, पदव्या काढून घेतल्या. धन्याच्या पायाशी मरण्याची शपथ लिहिणारा माणूस मेल्यावर राजद्रोही ठरला. माफी मिळाली ती ८०६ साली. सरकारी फाईल मेलेल्या माणसाचाही पाठलाग सोडत नाही, ही परंपरा किती प्राचीन आहे पाहा.

इथे ही कविता संपायला हरकत नव्हती. शतकानुशतकं ती ग्रंथात स्वस्थ पडून होती. पण १९३७ साली चीनशी युद्ध पेटलं, देशभर लोकांचं मन युद्धाला जुंपायची सरकारी मोहीम निघाली, आणि रेडिओने नोबुतोकि कियोशि या संगीतकाराकडून त्या शपथेपुरत्या ओळींना चाल लावून घेतली. नोबुतोकि ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा मुलगा, जर्मनीत शिकून आलेला. चाल चर्चमधल्या प्रार्थनेसारखी संथ, भारदस्त, आणि (हेच तर दुःख आहे) फार सुंदर. बेसूर असती तर कदाचित एवढं नुकसान झालं नसतं. युद्ध वाढलं तसं हे गाणं दुसऱ्या राष्ट्रगीतासारखं झालं. नौदलाने कुठे बाजी मारली की रेडिओवर धडाक्याचं कूच वाजे. एखाद्या बेटावरची सगळी तुकडी शेवटच्या माणसापर्यंत कापली गेली की बातमीआधी 'उमि युकाबा'चे सूर येत. घरोघरी आया, बायका त्या पहिल्या सुरालाच समजून जात. आपल्याकडे अवेळी तार आली की ती फोडायच्या आधीच माजघरातून रडणं सुरू व्हायचं, तसंच. २१ ऑक्टोबर १९४३ ला टोकियोत भर पावसात हजारो विद्यार्थी, पुस्तकं ठेवून खांद्यावर बंदुका घेतलेले, निरोपाच्या संचलनासाठी उभे राहिले. तिथेही हेच गायलं गेलं. बुद्धाला सोनं मिळालं म्हणून झालेल्या आनंदातली एक ओळ, आणि तिचा उपयोग कशासाठी झाला, तर वीस वर्षांच्या पोरांना बोटीवर चढवण्यासाठी. कवीला विचारायची सोय नव्हती. तो तर आधीच एकदा बदनाम होऊन बसला होता.

आणि आता भेंड्यांची करणी बघा. याच 'उमि'च्या शेजारी, पुस्तकात अगदी लागून, दुसरं 'उमि' आहे. नुसतं 'उमि'. हे १९४१ साली सरकारी शाळेच्या पहिल्या इयत्तेच्या गाण्यांच्या पुस्तकात आलं. शब्द हायाशी र्यूहा यांचे, चाल इनोउए ताकेशि यांची. तीन मात्रांची, लाटेसारखी झुलणारी चाल. एक मूल समुद्राकडे बघतंय. केवढा मोठा, केवढा लांब. होडी सोडावी नि पलीकडचे देश पाहून यावेत, एवढीच त्याची इच्छा. बस्स. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या समुद्रावरून मोठ्यांनी होड्या नव्हे, विमानवाहू जहाजं सोडली. एका 'उमि'त मुलाला समुद्रापलीकडे जायचंय. दुसऱ्या 'उमि'त त्याला तिथून परत यायचं नाही. मधे फक्त एक शब्द.

पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा जपानी पंचांगात तारीख होती ८ डिसेंबर १९४१. त्यानंतर दोनच दिवसांनी कावासाकी गावात साकामोतो यांच्या घरी मूल झालं. आधीची आठ होती, हे नववं. बापाने फार डोकं न चालवता त्याचं नाव '९' या आकड्याच्या अक्षराने ठेवलं. लोक त्याला 'क्यू' म्हणत. क्यू म्हणजे नऊ. (आपल्याकडेही 'नकुशी' नावं असायची, पण निदान गणित नव्हतं.) हा साकामोतो क्यू पुढे एल्विसचा भक्त झाला, केसांचा कोंबडा काढून गाऊ लागला. त्याला भेटले गीतकार एइ रोकुसुके आणि संगीतकार नाकामुरा हाचिदाइ. 'रोकु' म्हणजे सहा, 'हाचि' म्हणजे आठ. सहा, आठ आणि नऊ. लोक त्यांना '६-८-९'चं त्रिकूट म्हणत. सातवा कुठे राहिला कोण जाणे, बहुधा रेशनच्या रांगेत.

यातल्या एइंच्या मनात एक सल होता. १९६० साली अमेरिकेशी होणाऱ्या संरक्षण कराराविरुद्ध जपानात लाखो लोक रस्त्यावर उतरले. लढाईचा चटका बसलेली पिढी होती ती, पुन्हा कुणाच्या लढाईत ओढलं जायचं नव्हतं. १५ जूनला संसदेच्या आवारातल्या चकमकीत टोकियो विद्यापीठातली एक विद्यार्थिनी मेली. चार दिवसांनी करार आपोआप मंजूर झाला. मोर्चेकरी माना खाली घालून घरी गेले. एइही त्यांत होते. त्या परतीच्या वाटेवरच्या मनःस्थितीतून त्यांनी गाणं लिहिलं, असं सांगितलं जातं. पण गाण्यात ना मोर्चा, ना करार, ना घोषणा. रात्रीची वेळ, एकटा माणूस, आणि डोळ्यातलं पाणी ओघळू नये म्हणून वर केलेली मान. नाव 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे 'वर बघत चालू या'. 'उए' म्हणजे वर. 'उ'च्या पानावर समुद्राकडे नेणारी गाणी होती, तिथे पहिल्यांदा कुणी आभाळाकडे बघितलं.

१९६१ च्या जुलैत एकोणीस वर्षांच्या क्यूने ते पहिल्यांदा गायलं आणि गीतकार संतापले. कारण तोच आपला 'उ'! पोरगा शब्द सरळ म्हणेना. 'उए'ला हेलकावे देऊन, मधेच 'ह'चा श्वास सोडून, 'मुइते'चं 'मुहुइते' करून गात होता. एइंना वाटलं, मी काळीज काढून कागदावर ठेवलं आणि हा त्याची टिंगल करतोय. लोकांना मात्र नेमका तो हेलकावाच भावला. रडू दाबणाऱ्या माणसाचा आवाज तसाच येतो ना! ज्याला रडू येत नाही तोच सरळ सुरात गातो. टेलिव्हिजनवर ते त्या शरदात महिन्याचं गाणं म्हणून लागलं, ऑक्टोबरात तबकडी निघाली आणि घराघरात गेली.

पुढची हकीकत ऐकून हसावं की रडावं हे तुम्हीच ठरवा. इंग्लंडच्या पाय रेकॉर्ड्सचे लुई बेंजामिन जपानला गेले होते. त्यांनी गाणं ऐकलं, पसंत केलं, घरी नेलं आणि केनी बॉल यांच्या वाद्यवृंदाकडून नुसती चाल वाजवून घेतली. आता नाव काय ठेवायचं? 'उए ओ मुइते आरुको' म्हणताना इंग्रज निवेदकाची जीभ टाळूला चिकटायची. म्हणून साहेबांनी ओळखीचा, सुटसुटीत जपानी शब्द निवडला : 'सुकियाकी'. सुकियाकी म्हणजे लोखंडी कढईत सोयाचा रस आणि साखर घालून शिजवलेलं गोमांस नि भाज्या. गाण्याशी तिचा संबंध एवढाच की दोन्ही जपानी. समजा, आपलं एखादं विरहाचं भावगीत, ऐकताना पदराचं टोक डोळ्याला जावं असं, विलायतेत गेलं आणि तिथे त्याचं नाव पडलं 'भरली वांगी'. एका अमेरिकन साप्ताहिकानेच तेव्हा असा टोमणा मारला होता की आपल्याकडचं चंद्र नि नदीचं गाजलेलं गाणं जपानात 'बीफ स्टू' नावाने विकण्यासारखं हे आहे.

पण नावाने काही अडलं नाही. मग अमेरिकेत क्यूचाच मूळ जपानी आवाज रेडिओवर गेला, आणि १५ जून १९६३ च्या 'बिलबोर्ड' यादीत 'सुकियाकी' पहिल्या नंबरावर आलं. तीन आठवडे ते तिथून हललं नाही. ती तारीख पुन्हा वाचा. टोकियोतली ती मुलगी गेली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. ज्या अमेरिकेशी करार नको म्हणून मोर्चा निघाला, त्याच अमेरिकेने त्या मोर्च्याचं रडू डोक्यावर घेतलं, जेवणाचा पदार्थ समजून. १९८१ मध्ये त्याला इंग्रजी शब्द चढले, ते प्रेमभंगाचे. गाणाऱ्या जोडीचं नाव होतं 'ए टेस्ट ऑफ हनी', मधाची चव. म्हणजे सुकियाकीवर मध. पोट भरलं, अर्थ उपाशी. अर्थात आपण हसायचं कारण नाही. आपल्या हिंदी सिनेमाने १९६६ मध्ये 'लव्ह इन टोकियो' काढला आणि त्यातून अख्ख्या जपानी भाषेपैकी आपल्या पदरात पडला तो 'सायोनारा'. परक्या गाण्यातलं माणूस जेवढं पेलतं तेवढंच घेतं. एका अर्थी तेही ठीक. शब्द एक कळला नाही तरी कोट्यवधी माणसांना त्या आवाजातलं रडू कळलं, हे काय थोडं झालं?

पण यादी करणाऱ्याची पंचाईत झालीच. तेच गाणं जपानात 'उ'च्या पानावर आणि परदेशात 'स'च्या. 'स'मध्ये शोधणाऱ्याला पदार्थ सापडतो. वर बघणारा माणूस सापडायचा तर 'उ'मध्येच जावं लागतं.

१२ ऑगस्ट १९८५ च्या संध्याकाळी टोकियोहून ओसाकाला निघालेलं जंबो जेट गुन्मा प्रांतातल्या डोंगरात कोसळलं. विमानात ५२४ माणसं होती, ५२० गेली. एकाच विमानाला झालेल्या अपघातात याहून जास्त माणसं आजवर मेलेली नाहीत. प्रवाशांत साकामोतो क्यू होता. वय ४३. ज्याने देशाला वर बघायला शिकवलं, तो वरूनच पडला, असली कोटी करायला जीभ वळवळते. ती आवरावी. काही वेळी कोटी सुचणं हाही गुन्हा असतो. त्या गाण्याचं मात्र एक झालं. २०११ च्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामीने उत्तर जपानचा किनारा धुऊन नेला, तेव्हा टेलिव्हिजनवर एकामागून एक नामवंत येऊन त्याच्या ओळी आळीपाळीने गाऊ लागले. पुन्हा 'उमि'ने नेलं होतं आणि पुन्हा 'उए'ची गरज पडली होती. पन्नास वर्षांत कुणाला दुसरं औषध सापडलं नव्हतं.

आता पान संपत आलं. तळाशी एक नवीन नाव आहे : 'उस्सेवा'. हे भाचीनं मला मुद्दाम ऐकवलं. ऐकल्यावर शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. 'उस्सेवा' म्हणजे 'ए, कटकट बंद!' किंवा आणखी चोख मराठीत, 'गप की!' गाणारी मुलगी आदो. कीओगेन या जुन्या विनोदी नाटकात जो दुय्यम नट असतो त्याला 'आदो' म्हणतात. तिथून तिनं नाव उचललं. २३ ऑक्टोबर २०२० ला हे गाणं आलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती, दुसऱ्या दिवशी अठरावं लागणार होतं. वडीलधाऱ्यांचा रिकामा पेला दिसला की भरावा, असले कचेरीतले सगळे शिष्टाचार ती त्यात मोजून दाखवते आणि मग गळा फाडून ओरडते. देशभर पोरं तेच ओरडू लागली. आयाबाप म्हणाले, हे काय वळण! वर्तमानपत्रांत चर्चा झाल्या.

भाचीनं विचारलं, "कसं वाटलं मामा? जरा आगाऊ आहे ना?"

आगाऊ आहे खरं. पण मी ते पान खालून वर वाचत होतो. तळाशी सतरा वर्षांची मुलगी मोठ्यांना 'गप की' म्हणते आहे. तिच्या वर एक माणूस मान उंच करून चाललाय. त्याच्या वर भर पावसात वीस वर्षांची पोरं खांद्यावर बंदूक घेऊन उभी आहेत. त्यांच्यासाठी मोठ्यांनी फार सुंदर चालीचं गाणं निवडलेलं आहे, आणि त्यांतल्या एकाही पोराला हा तळाचा शब्द उच्चारायची मुभा नाही. त्या दिवशी त्यांतल्या दहा-वीसांनी जरी तो उच्चारला असता...

"आगाऊ कसली," मी म्हटलं, "जरा मोठ्यानं लाव."